एका श्रोत्याचा अँटेना

मी एक अँटेना बोलतोय. छपराकडे बघू नका, मी तिथे नाही. खाली बघा, टोमॅटोच्या वाफ्याशेजारी. तांब्याची एक उभी नळी, तिच्या पायाशी पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपावर गुंडाळलेली तार आणि तार भिजू नये म्हणून वरून ओवलेला दह्याचा उपडा डबा. तो मीच.

माझा जन्म अमेरिकेतल्या श्रूजबरी गावी, एका गराजमध्ये झाला. मला बनवणारा गुरुनाथ मूळचा नागपूरचा. दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि हाताने काहीतरी करावं म्हणून तळमळतो. त्याच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे वैदेही राहते. पत्नी गेल्यावर तिचे वडील, श्रीरामकाका, पुण्याहून कायमचे तिच्याकडे आले.

काकांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली. आता नजर इतकी गेली होती की फोनवरची अक्षरं दिसत नव्हती, आणि बोलून चालणाऱ्या यंत्राला त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं. चाचपून लावता येईल अशी एकच वस्तू उरली होती, गोल बटणांचा जुना रेडिओ. पण त्यावर मराठी कुठून येणार?

"मी आणतो!" गुरुनाथ म्हणाला. अगदी कमी ताकदीचं, दहाएक घरांपुरतं प्रक्षेपण परवान्याशिवाय घरच्या घरी करता येतं, फक्त अँटेना तीन मीटरच्या वर जाता कामा नये, एवढं त्याने वाचलं होतं. मग व्हिडिओ बघत तो तार गुंडाळायला बसला. नव्वद वेढे झाले की ऑफिसचा कॉल यायचा. कॉल संपला की आकडा विसरलेला. माझी कंबर तीनदा बांधली आणि तीनदा सोडली.

शेवटी त्याने मला डेकच्या लाकडी ओट्यावर एका मोठ्या कुंडीत उभं केलं. अँटेनाची एक तार जमिनीत जावी लागते. ती त्याने त्याच कुंडीतल्या मातीत खोचली आणि हात झटकले. "अर्थिंग डन!" कुंडीला पृथ्वी समजणारा हा माणूस माझा बाप. मी काय बोलणार?

रोज संध्याकाळी साडेपाचला गुरुनाथची बायको देवयानी गराजमध्ये माइकसमोर बसून मराठी बातम्या वाचू लागली. संपलं की काकांना फोन.

"काका, आलं का?"

"आलं, आलं! छान झालं."

असे आठ दिवस गेले. गुरुनाथ ऑफिसात 'आमचं स्टेशन' म्हणायला लागला. माझा आवाज डेकच्या कठड्यापलीकडे जात नव्हता हे मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

नवव्या दिवशी देवयानीचा घसा बसला. कार्यक्रम झालाच नाही. तसं कळवायला तिने फोन लावला, तर ती बोलायच्या आधीच काका म्हणाले, "आजचं तर फारच सुरेख झालं हं!"

देवयानी घरातल्या सपाता घालूनच रस्ता ओलांडून गेली. काकांच्या टेबलावर रेडिओ नुसता खरखरत होता.

"काका, हे काय?"

काका ओशाळले. "अगं, येत नाही म्हटलं असतं तर तुम्ही कंटाळून बंद केलं असतं. मग रोजचा फोन कुणी केला असता?"

देवयानीने खरखरणारा रेडिओ बंद केला. घरी येऊन नवऱ्याला एवढंच म्हणाली, "गुरू, कुंडी म्हणजे जमीन नाही."

शनिवारी माझी रवानगी वाफ्याशेजारी झाली. पायापासून चहूबाजूंनी गवताखाली तारा पुरल्या. देवयानी काकांचा रेडिओ घेऊन पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिली, आणि गुरुनाथ माझा एकेक वेढा सोडू लागला.

"अजून एक काढ! अजून एक! स्टॉप, स्टॉप! आलं!"

त्या संध्याकाळी काकांनी पहिल्यांदा खरोखर ऐकलं. आभाराचा फोन येईल म्हणून दोघं वाट बघत होते. फोन आला. "देवयानी, 'हवामान' म्हण, बाळ. 'हवमान' नव्हे."

पुढे रोज चुकांची यादी येऊ लागली. शेवटी देवयानी म्हणाली, "काका, मग तुम्हीच बसा ना माइकवर!" काका लगेच तयार झाले. माझा एकुलता एक श्रोता बोलायला बसला, आणि ऐकायला पोळ्या लाटणारी देवयानी तेवढी उरली. माणसांचं मला कळत नाही.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी वैदेही कामावरून लवकर आली. गाडी अंगणात लावताना तिने सहज गाडीतल्या रेडिओवर आमचं स्टेशन लावून बघितलं. काका बोलत होते.

"माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत तिचंच नाव चुकलं. वैदेहीचं 'वैदही' झालं. शेवटचं प्रूफ मी पाहिलं होतं. पण घरात ओरडा झाला तेव्हा आमची सरला पुढे होऊन म्हणाली, 'ते मी पाहिलं, माझ्याकडून राहिलं.' माझी अब्रू तिने वाचवली आणि मी गप्प बसलो. लेक आईला त्यावरून कायम चिडवायची. सरला नुसती हसायची. खरं सांगायचं माझ्याच्याने झालं नाही, आणि आता ती नाही."

गाडीचं इंजिन बंद झालं, पण दार उघडलं नाही. काका बोलायचे थांबले. तरी दार उघडलं नाही. बऱ्याच वेळाने वैदेही रस्ता ओलांडून गराजमध्ये आली. पावलं ऐकून काकांनी विचारलं, "कोण?"

"वैदेही," ती म्हणाली. "'द'ला मात्रा आहे, बाबा."

पुढे बोलणं कमी झालं आणि नाक ओढणंच जास्त. माइक बंद करायचं गुरुनाथला सुचलं नाही, त्यामुळे ते सगळं मी इमानेइतबारे गल्लीभर पोहोचवलं. बाकीच्या घरांना मराठी येत नाही, म्हणून निभावलं. देवयानीची पोळी मात्र करपली.

आता ऑक्टोबर आलाय. माझ्या डब्यावर मेपलची पानं साचलीत, आणि नळी हिरवट पडू लागलीय. मला पुसलं नाहीत तरी चालेल. फक्त एक ऐका. कुणाच्या अंगणात गाडी उभी असेल, इंजिन बंद असेल आणि आत कुणी एकटंच बसलेलं दिसलं, तर काच ठोठावू नका. कार्यक्रम संपू द्या.