तक्रारदार हयात नाही

कौतिक पाटलांची तक्रार चौदा महिने माझ्या डोक्यावर बसली होती. निंबोल्याच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या वाटेवर, कठडा नसलेली विहीर. पंचायत म्हणे विहीर जनपदची, म्हणजे तालुक्याची, जनपद म्हणे जिल्ह्याची, जिल्हा म्हणे भोपाळची मंजुरी येऊ द्या, आणि भोपाळ तोच कागद परत पंचायतीला धाडी. जिल्ह्यात बसून अशा तक्रारी बंद करवणं हे माझं काम. भोपाळहून दर सोमवारी तक्रारदाराला फोन जाई, त्यावर तो 'समाधान झालं' म्हणाला की काम झालं. मी कौतिकरावांना सारखी गळ घालायचो, "म्हणून टाका ना हो!"

"आधी झाकन टाका, मंग म्हनतो."

श्रावणात ते त्याच विहिरीत पडून गेले. वाईट वाटलं, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. तक्रारदार वारला की मृत्यूचा दाखला जोडून तक्रार बंद करता येते. त्या सुटकेची लाज अजून जात नाही.

पुढच्या सोमवारी भोपाळचा शेरा आला: तक्रारदाराशी बोलणं झालं, असमाधानी. त्याच्या पुढच्या सोमवारीही तोच. भर दुपारी, चार माणसांत बसून, माझ्या अंगावर काटा आला. कौतिकरावांचं ते वाक्य कानात वाजायला लागलं, ते थांबेना.

आमचे साहेब वैतागले. "मधुकर, खुद जाके दाखला ला."

गेलो. विहीर उघडीच होती. आत डोकवायची माझी छाती झाली नाही.

कौतिकरावांची बायको कोकिळाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याचा मोबाइल.

"मीच बोलते साहेब. म्हनते, ते बाहेर गेले, विहीर उघडी आहे म्हनून सांगून गेले. दाखला नाही देनार. तक्रार बंद झाली तं झाकन कोन टाकीन? पोरं रोज तिथूनच जातात."

त्यांचा आवाज चिरकला. "पन मागच्या बारीले तो भोपाळवाला म्हने, आता खुद तक्रारदारच बोलला पाहिजे. नाही तं बंद."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी घेतला.

"कौतिक पाटील बोल रहे हैं?"

"हां, कौतिक बोल रहा हूं," मी म्हणालो. "पहले ढक्कन डालो."

फोन ठेवला. कोकिळाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता. माझ्याकडे न बघता, 'साहेब' न म्हणता, त्यांनी हळूच विचारलं, "जेवाले वाढू का?"