जायचं तर नीट जाऊ

मित्रांनो, मी जुना आहे, लाल आहे आणि सध्या रागावलेला आहे. मला कूलर म्हणतात. तुमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीला बसवलेला, घरभर वारा फेकणारा जो कूलर असतो, तो मी नव्हे. मी एक चाकांची प्लास्टिकची पेटी आहे. पोटात बर्फ भरायचा, बर्फावर खाणं ठेवायचं, झाकण लावायचं आणि सहलीला निघायचं, एवढंच माझं काम. थंड राहणं हा आमच्या कुळाचा धर्म. तो मी इतकी वर्षं विनातक्रार पाळला. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र जमलं नाही. का जमलं नाही, तेच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, दोन भिंतींच्या मध्ये फेस भरला, आणि झालो मी तयार. माझी भावंडं कुठे मासेमारीला गेली, कुठे फुटबॉलच्या सामन्यांना. बिअरच्या बाटल्या सांभाळत सुखाने म्हातारी झाली असतील. माझ्या नशिबी प्रसन्न आला.

प्रसन्न तेव्हा सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेल गावात सॉफ्टवेअरच्या नोकरीत नुकता रुजला होता. लग्न होऊन देवयानी आली आणि दोघांनी मला गोदामाएवढ्या एका दुकानातून उचललं. पहिलीच सहल यलोस्टोनची. देवयानीने माझ्यात दहीभात, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी भरली. एका वळणावर चटणीचा डबा उघडला. तेव्हापासून मला जो वास आहे, तो आहे. साबण झाला, सोडा झाला, लिंबू झालं, अंगणातलं ऊन झालं. वास गेला नाही. आता तो माझा स्वभाव आहे असं सगळ्यांनी मान्य केलंय.

ते माझे चांगले दिवस होते. मराठी मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांना पुरेल एवढा मठ्ठा माझ्यात मावायचा. "प्रसन्नचा लाल कूलर आणलाय ना?" असं लोक आधी विचारायचे आणि मग प्रसन्नची चौकशी करायचे. प्रसन्नची मुलगी केया माझ्या झाकणावर बसून मक्याचं कणीस खायला शिकली. पुढे पाठीवर अडकवायचा, राखाडी रंगाचा, चेनवाला एक कूलर घरात आला. तो दिसायला शहाणा होता. त्याच सुमारास माझं एक चाक तुटलं, पाणी काढायचं बूच हरवलं. देवयानीने तिथे फडक्याचा बोळा कोंबला आणि मला गॅरेजमध्ये ट्रेडमिलशेजारी ठेवलं. ट्रेडमिलवर तेव्हा पापड वाळत होते.

गॅरेजमध्ये मी पडून राहिलो असतो, पण शोभाआजी आल्या. शोभाआजी म्हणजे प्रसन्नच्या आई. नवरा गेल्यावर त्या कायमच्या बॉथेलला राहायला आल्या. प्रसन्न घरून काम करतो. आजी फोनवर बोलल्या की बाकीच्यांना फोनची गरज वाटत नाही. "आई, प्लीज, मी कॉलवर आहे," असं त्याने पुष्कळदा सांगितल्यावर आजी फोन घेऊन गॅरेजमध्ये यायला लागल्या आणि माझ्यावर बसायला लागल्या. त्यामुळे या घरात कुणाचं मन मला ठाऊक असेल, तर ते त्यांचं.

फोन असायचा थोरल्या बहिणीला. सुलभाआजी चाळीस वर्षांपूर्वी कॅनडात गेल्या आणि व्हिक्टोरियाला स्थायिक झाल्या. मित्रांनो, नकाशा काढून बघा. सिअ‍ॅटलहून व्हिक्टोरियाला सकाळी बोट सुटते. तीन तासांच्या आत पलीकडचा देश येतो. संध्याकाळच्या बोटीने परत घरी. एवढ्याशा पाण्याच्या दोन बाजूंना या दोघी बहिणी, आणि इतक्या वर्षांत भेट नाही.

भांडण होतं का? नाही. व्हिसाची अडचण? तीही नाही, आजींकडे ग्रीन कार्ड आहे, त्यावर कॅनडात व्हिसाशिवाय जाता येतं. अडचण अशी की या घरात प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती करण्यालायक आहे का, हे ठरवतात. दर उन्हाळ्यात आजी विचारायच्या, "अरे, एकदा सुलूताईकडे जाऊन येऊया का?" दर उन्हाळ्यात प्रसन्न प्रेमाने म्हणायचा, "एका दिवसात काय होणार, आई? जायचं तर नीट जाऊ. चार दिवस काढू, मस्त प्लॅन करू." हे "नीट" कसलं असतं ते मी अजून पाहिलेलं नाही. "नीट"च्या नावाखाली या लोकांनी किती साध्या गोष्टी केल्याच नाहीत, त्याचा मी साक्षीदार आहे.

यंदा जुलैमध्ये मला गॅरेजबाहेर काढलं. घरी पार्टी होती आणि राखाडी शहाण्याची चेन अडकली होती. मला मागच्या अंगणात मांडलं, माझ्यात सरबताच्या बाटल्या ठेवल्या. प्रसन्नचा मित्र प्रसाद आणि त्याची बायको अदिती आले होते. बोलता बोलता व्हिक्टोरियाचा विषय निघाला.

"आम्ही केलंय ते," प्रसाद म्हणाला. माझ्यातली बाटली काढून त्याने झाकण उघडंच ठेवलं. या माणसाबद्दलचं माझं मत तिथेच ठरलं. "डे ट्रिप? नॉट वर्थ इट, यार. अर्धा दिवस बोटीतच जातो."

"तिथली बाग छान आहे पण," अदिती म्हणाली.

"बाग काय, आपल्या इथे स्केजिटच्या शेतांत ट्यूलिप्स आहेतच की. तेही पासपोर्ट न काढता."

"आणि व्हेल?"

"व्हेलची एक शेपटी दिसली. हिला अजून वाटतं ती लाट होती."

"लाटच होती ती. फोटो आहे माझ्याकडे."

सगळे हसले. प्रसन्नने मान डोलावली. कसं पटतंय बघा, अशा नजरेने त्याने आईकडे पाहिलं. आजी भजी वाढत होत्या. त्यांनी ताट माझ्या झाकणावर ठेवलं. उघडं झाकण आधी बंद केलं, मग ठेवलं. अशी माणसं जगात थोडी असतात.

"मला व्हेल नको," त्या म्हणाल्या. "मला सुलूताई बघायचीय. अंकुर घर विकतोय. या महिन्याअखेर तो तिला हॅलिफॅक्सला घेऊन जातोय, पार कॅनडाच्या त्या टोकाला. मग मला या जन्मात दिसायची नाही ती."

अंकुर हा सुलभाआजींचा मुलगा. यावर कुणी काही बोललं नसतं तर बरं झालं असतं.

"मग काकू, व्हिडिओ कॉल करा की!" प्रसाद म्हणाला. "आजकाल एकदम समोर असल्यासारखं दिसतं."

"करते की. अलीकडे तिला मी टीव्हीतली बाई वाटते. परवा म्हणाली, तुमचं काम आवडतं हो मला."

प्रसादने भजं तोंडात घातलं आणि ते बराच वेळ चावलं.

"बाबा," केया म्हणाली, "यू न्यू धिस?"

"थोडंसं," प्रसन्न म्हणाला.

"शनिवारी जायचं," देवयानी म्हणाली. ती विचारत नव्हती, सांगत होती.

तुम्हाला वाटेल, सुटलं. मलाही वाटलं. पण रात्रीची भांडी आवरायच्या आत प्रसन्नला नवा झटका आला. न जाण्याचं "नीट" जितकं वाईट, तितकंच वाईट जाण्याचं "एवढं". "एवढं जातोच आहोत तर," तो म्हणाला, "बाग करून घेऊ. आणि एवढं तिथे असणारच, तर तो त्यांचा फेमस चहा. केयासाठी म्युझियम. मग परतीच्या बोटीआधी मावशीकडे टच अँड गो."

टच अँड गो! मित्रांनो, बहीण म्हणजे पेट्रोल पंप नव्हे. मी बोलू शकत नाही, म्हणून माझं झाकण मी जरा घट्ट लावून घेतलं. देवयानीला ते उघडायला दोन्ही हात लागले. निषेधाची एवढीच सोय मला आहे.

शनिवारी आजींनी मलाच न्यायचं ठरवलं. राखाडी कूलरची चेन दुरुस्त झाली होती, तरी मलाच. माझ्यात सांज्याच्या पोळ्या होत्या, तूप होतं, मेतकूट होतं. सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर आजी पुन्हा पुन्हा पर्स उघडून पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड चाचपत होत्या. पलीकडच्या अधिकाऱ्याने माझं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं, लसणाचा वास घेतला आणि झाकण लगेच बंद केलं. "वेलकम टू कॅनडा," तो म्हणाला. हा वास आयुष्यात एकदा तरी कामी आला.

बंदराबाहेर बागेची बस उभी होती. प्रसन्न पुढे धावला. "चला, चला, टाइम स्लॉट आहे!" आजी हलल्या नाहीत. मला तुटक्या चाकावर फूटपाथपर्यंत ओढून आणलं आणि त्या माझ्यावर बसल्या.

"आई, बस सुटेल."

"सुटू दे."

"अगं, बुकिंग आहे."

"मग तू जा. फुलं बघ. मी इथे बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, सुलूताईचं घर कुठे आहे. कुणीतरी सांगेल. कॅनडात माणसं चांगली आहेत म्हणतात."

लोक वळून बघायला लागले. प्रसन्नचा चेहरा माझ्या रंगाचा झाला. "तू हट्टीपणा करतेयस."

"हट्ट मी करतेय? इतके उन्हाळे तुझं नीट होईना, आता मी जाते ती वाकडीतिकडीच जाते."

"प्रसन्न," देवयानी म्हणाली, "टॅक्सी बोलव."

त्याने बोलावली.

सुलभाआजींच्या घरात खोकी रचलेली होती. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. अंकुरने दार उघडलं आणि तो मोठ्याने म्हणाला, "आई, बघ तरी कोण आलंय!" खिडकीजवळच्या खुर्चीतून सुलभाआजी उठल्या. त्यांनी हात जोडले.

"या, या. बसा ना. आपण कुठून आलात?"

शोभाआजी दारातच थांबल्या. अंकुरने मान खाली घातली. "मावशी, मागच्या उन्हाळ्यात ती सगळ्यांना ओळखत होती. तुझ्या तक्रारीसुद्धा करायची."

मागच्या उन्हाळ्यात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही काय करत होतो ते मला माहीत आहे. प्रसन्न बोटीबद्दलचे रिव्ह्यू वाचत होता. कुणीतरी लिहिलं होतं की कॉफी बरी नसते.

शोभाआजी आत गेल्या आणि बहिणीसमोर बसल्या. "अमेरिकेहून आले," त्या म्हणाल्या.

"अरे वा! माझी बहीण असते अमेरिकेत. इथे जवळच. बोटीने यायचं असतं. ती येणार आहे."

"हो का?"

"हो ना. पण तिचा मुलगा फार कामात असतो हो. तो म्हणतो, नीट येऊ."

प्रसन्न एका खोक्यावर बसला होता. त्याने कुणाकडेच बघितलं नाही. मी त्याच्याकडे बघत होतो. माझं दुसरं काय काम होतं तिथे?

"येईल ती," शोभाआजी म्हणाल्या. "नक्की येईल. तोवर हे खाऊन बघा." त्यांनी माझं झाकण उघडलं, पोळीवर तूप घातलं आणि बशी पुढे केली.

सुलभाआजींनी सावकाश खाल्लं. "छान आहे. जायफळ जरा जास्त झालंय. रागावू नका हं. आमच्या शोभीचंही असंच होतं."

"शिकेल हो ती," शोभाआजी म्हणाल्या.

"कसली शिकतेय! कुणाचं ऐकेल तर ना."

दोघी हसल्या. देवयानी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. केया आजीच्या पायाशी जमिनीवर बसली. बाग झाली नाही, चहा झाला नाही, म्युझियम झालं नाही. खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसत होती. ती या दोन बहिणींमधल्याच पाण्याची होती.

बोटीची वेळ झाली. "आई," प्रसन्न अगदी हळू म्हणाला, "निघायला हवं."

"तुम्ही निघा," शोभाआजी म्हणाल्या. "तिची बहीण यायचीय. ती येईपर्यंत कुणीतरी तिच्याजवळ बसायला हवं."

प्रसन्नने वाद घातला नाही. त्याने अंकुरला विचारलं, सामानाचा ट्रक कधी येतोय, आणि तोवर शोभाआजींची औषधं कुठल्या दुकानात मिळतील. मग तो मावशीच्या पाया पडला. "सुखी राहा," त्या म्हणाल्या. "आणि आईला भेटत जा हं. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं."

मी रिकामा परत आलो. सुलभाआजी हॅलिफॅक्सला जायच्या दिवसापर्यंत शोभाआजी तिथेच राहिल्या. निघण्याच्या सकाळी सुलभाआजींनी त्यांना "शोभे" अशी हाक मारली म्हणतात, आणि लगेच विसरल्या. परत आल्यावर आजींनी हे प्रसन्नला जेवताना सांगितलं आणि आमटी मागितली.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना शेवटी? मग राग गेला असेल. नाही गेला. मला रोज नाही धुतलंत तरी चालेल. माझं बूच आणू नका, चाक बसवू नका, माझ्यावर पापड वाळवा. त्या सगळ्याची मला सवय आहे. पण तुमच्या घरात कुणी तुमच्याकडे एक दिवस मागत असेल, तर त्या दिवसात काय काय बघून होईल, हे त्याला विचारू नका. गाडी काढा. बर्फ वाटेत घेता येतो.