हेस्टर आत्याची बोट

आता हे ऐकाच! हेस्टर आत्याचे गुडघे गेले होते आणि ती आपली राहती बोट सोडून बहिणीकडे राहायला जाणार, हे सगळ्या कालव्याला ठाऊक होतं. बोट कुणाला, एवढंच ठरायचं होतं. भाची टॅम्सिनला ती हवी होती. हवी म्हणजे किती, तर पोरीनं छपराचा गंज खरवडला, वर रंग दिला, संडासाची टाकीसुद्धा स्वतः वाहून नेऊन रिकामी केली! पण आत्या काय इतक्यानं पाघळते होय?

"घासणं-पुसणं कुणीही करतं गं. इथून लॉकपर्यंत, पाणी अडवायच्या त्या दरवाजापर्यंत, एकटीनं ने. मी हात लावणार नाही. नेलीस तर तुझी, नाहीतर विकते."

आणि चहाचा मग घेऊन बसली की पुढच्या टोकाला, आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी!

टॅम्सिन मागे सुकाणूचा दांडा धरून उभी. पहिलं वळण झकास घेतलं. दुसऱ्या वळणावर गचका बसला, इंजिन घुरघुरलं आणि बंद!

"घासलीस ना तळाला?" पुढून हाक आली.

"नाही घासली, आत्या! खाली पाण्यातल्या पंख्यात काहीतरी गुंतलंय!"

"गुंतलंय म्हणे! नाचता येईना अंगण वाकडं!"

काठावर गळ टाकून बसलेला सिरिल खुशीत आला. "टॅम्सिनबाई, ढकलू का? मासे तर तू पळवलेसच!"

"तुझ्या गळाला कधी लागलेत, सिरिलकाका?"

तिनं किल्ली काढून घेतली, मागची फळी उचलली, इंजिनाशेजारचं, पंख्यावरचं झाकण स्क्रू सैल करून काढलं आणि खांद्यापर्यंत हात खाली पाण्यात. पाणी असं गार की दात वाजायला लागले. पंख्याला काहीतरी घट्ट लपेटलेलं. पाव कापायच्या सुरीनं कापत, ओढत, शेवटी एकदाचं बाहेर आलं. हिरवं. लोकरीचं. बटणं असलेलं. स्वेटर!

आता कुरकुरत का होईना, आत्या बोटीतल्या खोलीतून मागे आली.

"हा माझा नाहीच," ती पाहायच्या आधीच म्हणाली.

"कॉलरवर तुझं नाव शिवलंय, आत्या."

"वारा होता!"

"वारा होता म्हणे!" टॅम्सिननं हुबेहूब आत्याचाच सूर काढला. सिरिल हसून हसून स्टुलावरून घसरला. टॅम्सिनला तर काय, स्वर्ग दोन बोटं! पटकन झाकण ठेवलं, फळी टाकली, इंजिन सुरू. आत्या शेजारी उभी राहून स्वेटर पिळतेय, पुटपुटतेय.

आणि टॅम्सिनचं हसू थांबलं. पायाखाली खळखळ होत होती.

तिनं इंजिन बंद केलं, फळी उचलली. आत पाणी! झाकण नुसतं ठेवलेलं, वरचा स्क्रू आवळलाच नव्हता, आणि पंखा फिरताच खालून पाणी उसळत होतं. तिनं दोन्ही हातांनी स्क्रू कचकचून आवळला. आत साठलेलं पाणी उपसणाऱ्या पंपानं बोटीच्या कुशीतून काळपट पिचकारी सोडली, ती थेट सिरिलच्या बुटांवर.

टॅम्सिन रडकुंडीला आली. "मी आवळायला विसरले, आत्या. बुडाली असती."

"बुडाली असती," आत्या म्हणाली. "तुला ऐकू आलं?"

"हो."

"मला नाही आलं." आत्यानं ओला स्वेटर खांद्यावर टाकला. "काठाला लाव. मला उतरव."

झालं, संपलं, असं टॅम्सिनला वाटलं. तिनं बोट काठाला लावली. आत्या लॉकचे दरवाजे उघडायचं हँडल कमरेला खोचून लंगडत, शिव्या घालत पुढे निघाली, काठाकाठानं. आणि वळणापलीकडून तिचा आवाज आला, सगळ्या कालव्याला ऐकू जाईल असा. तिथं कुणी दुसरी बोट मध्ये घालत होतं वाटतं.

"ए, हो बाजूला! माझ्या भाचीची बोट येतेय! आणि सांभाळ हो, तिला अजून नीट वळवता येत नाही!"