चकचकीत तोटीची कबुली

मी एक जुनी पितळी तोटी आहे. नॉर्वेतल्या व्हॉस भागात, डोंगरउतारावरच्या एका शेतघरात, बिअरच्या पिंपाला मी खालच्या अंगाला बसवलेली आहे. मित्रांनो, हे पेय मोठ्या माणसांचे. तुमच्यासाठी नुसती गोष्ट.

साठ वर्षे मी एक थेंबही न गळता काम केले. घरधनीण आस्लाउग दर शनिवारी मला घासूनपुसून लख्ख करते. पाहुणे माझ्यात बघून दाढी सारखी करतात. या कौतुकाने मी फुगले होते, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बिअरला ओल्या मोज्यांसारखी आंबट चव येऊ लागली. घरधनी शेटिल हादरला. आधी त्याने पाण्याला दोष दिला आणि लांबच्या झऱ्यावरून पाणी वाहून आणले. मग बिअरच्या पाण्यात वासासाठी टाकतात त्या जुनिपर झुडपाच्या फांद्यांना दोष देऊन दुसऱ्या डोंगरावरच्या तोडल्या. तिसऱ्या खेपेला बायकोची पाळी आली.

"तू पिंप साबणाने धुतलंस!"

"साबण आंबट लागतो होय? तुझी नि त्याची ओळख नाही, तुला काय कळणार!"

उरले बिअर फसफसवणारे विरजण. शेटिलच्या पणजीपासून चालत आलेले ते विरजण आमच्याकडे लाकडी कड्यावर वाळवून खुंटीला टांगतात. ते पिंपात सोडताना सगळ्यांनी जोरात ओरडायचे असते, म्हणजे ते खडबडून जागे होते. चौथ्या खेपेला शेटिल एवढा ओरडला की शेजारची मेंढरे कुंपणाला जाऊन धडकली. तरी पेला आंबटच! आणि दुसऱ्या दिवशी तर नवी बिअर चाखायला सगळी आळी येणार होती.

शेटिलने खुंटीवरचे कडे काढले आणि चुलीचे दार उघडले. "पणजीचं विरजण नासलं. जाळतो आणि दुकानातली पुडी आणतो."

आस्लाउग तशीच बर्फातून धावली आणि शेजारच्या ग्युरीकाकूंना घेऊन आली. काकूंचे विरजणही याच घरातून गेलेले. आमच्याकडे विरजण शेजाऱ्यांना देऊन ठेवतात. आपले मेले तर परत मागता येते.

"कडं खाली ठेव, गाढवा!" काकू दारातूनच कडाडल्या. "तेच विरजण माझ्याकडे आहे. परवा पाद्रीबाबा तीन पेले पिऊन गेले आणि चौथ्यासाठी परत यायला मिळावं म्हणून टोपी विसरले."

"मग तुम्हीच चाखा!" शेटिलने माझ्याखाली पेला धरला.

काकूंनी घोट घेतला, तोंड वाकडे केले. मग त्यांनी या घरात कुणी केले नव्हते ते केले. पिंपाचे झाकण उचलले आणि ओगराळ्याने वरची बिअर काढली. मित्रांनो, मला दरदरून घाम फुटला!

"आता ही चाख."

शेटिलने चाखली. त्याचे डोळे वाटीएवढे झाले. "अरेच्चा, ही तर झकास आहे!"

"वरून झकास, खालून आंबट. वाटेत कोण बसलंय?"

तिघांच्या नजरा माझ्यावर खिळल्या.

"ती?" आस्लाउग म्हणाली, "ती तर आरशासारखी आहे!"

"बाहेरून. आतून कधी उघडली होती?"

आस्लाउगने शेटिलकडे पाहिले. शेटिलने छताकडे पाहिले.

चांगली बिअर दुधाच्या कॅनमध्ये काढली गेली. काकूंनी पकडीने माझी चावी उपसली आणि आतून काळपट हिरवा, बुळबुळीत गाळ बाहेर आला. आस्लाउगने नाक धरले. मग मला अर्धा तास उकळले. शेटिलने कडे पुन्हा खुंटीला टांगले.

दुसऱ्या दिवशी सारी आळी जमली. पहिला पेला काकूंचा. काकूंनी एका दमात पेला रिकामा केला, पुन्हा माझ्याखाली धरला, आणि घरभर एकच गलका उडाला!

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, चार खेपा ही गप्प का बसली? तोट्यांना वाचा नसते, असे सांगून मला सुटता आले असते. पण खरे सांगते, वाचा असती तरी मी पाण्याचेच नाव घेतले असते. म्हणून विनवते, आम्हा चकचकीत मंडळींना नुसते पुसू नका. अधूनमधून उघडून धुवा. आम्ही आपणहून सांगणार नाही.