पाठीमागची झील

योगीराजनं गाडीच्या टेपात बोटाएवढं पेन ड्राइव्ह खुपसलं आणि बापाकडं बघून हसला.

"अप्पा, आता ऐका. तुमचीच ओवी हाय."

काशाप्पा पावसाळाभर निंबर्ग्याला लेकीकडं होता. जावयाचा पाय मोडला होता, मेंढरं राखायला माणूस नव्हतं. म्हणून मनीषानं बापाला बोलावून घेतलं होतं. आज तो बीदरच्या स्टँडवर उतरला. लेक आपली भाड्याची इंडिका घेऊन न्यायला आला होता. गाडी कमठाण्याच्या रस्त्याला लागली तसा ढोल वाजायला लागला.

काशाप्पानं ढोल ओळखला. कल्लप्पाचा ढोल. तो वाजवताना जरा उजवीकडं कलतो, म्हणून त्याचा धिम्मा, खालचा जड ठोका, अर्ध्या श्वासानं उशिरा पडतो. मग माउलीचा आवाज आला. माउली श्रावणात गेला होता, आणि आता काचेच्या आत बसल्यागत गात होता.

"मेंढरं गेली माळाला, काठी राहिली उंबऱ्यालाऽऽ"

काशाप्पाचं तोंड आपोआप उघडलं. आता झील. धनगराची ओवी एकट्यानं होत नाही. म्होरं देवाकडं तोंड करून गाणारा गातो, आणि त्याच्या पाठीमागं उभा असलेला शेवटचा शब्द झेलतो, लांबवतो, गाणाऱ्याला दम घ्यायला जागा करून देतो. ती झील. माउलीच्या ओवीला सारी हयात काशाप्पाचीच झील होती. 'उंबऱ्याला गाऽ' असा आपला आवाज आता येणार, म्हणून त्यानं कान दिला.

काहीच आलं नाही.

ढोल दोन घाव वाजला आणि माउलीनं दुसरी ओळ उचलली. तीही संपली. पुन्हा मोकळी जागा. लई कान दिल्यावर भिंतीपल्याड कुणी बोलावं तसं काहीतरी पुटपुटल्यागत वाटलं, तेवढंच.

"योग्या, माझा आवाज कुठाय?"

"आसंल की. तुम्ही पाठीमागं हुबे होता न्हवं? बारीक आला आसंल."

"बारीक? आरं, चार शेतं पल्याड ऐकू जातो माझा आवाज. बारीक म्हणायलास?"

योगीराजनं आवाज वाढवला. माउली मोठा झाला, ढोल मोठा झाला. काशाप्पा काही मोठा झाला नाही, कारण तो तिथं नव्हताच.

"माउलीकाकांची डिस्क तानुकाकीकडनं घेतली, बीदरच्या दुकानात नेऊन ह्यात घालून आणली मी," योगीराज सांगत होता. "ती डिस्क आपल्या गाडीत चालतच न्हाई. आन् चालली तरी खड्डा आला की उडती. ह्यात दोन हजार गाणी बसत्यात, अप्पा. गावात समद्यांनी मोबाईलवर घेतलंय. बायका भाकरी थापताना ऐकायल्यात."

तिसऱ्या ओवीत एका जागी माउलीचा आवाज एकदम विझल्यागत झाला. जसा कुणी कंदिलाची वात खाली करावी. ढोल चालूच होता. मग पुन्हा वात वर आली.

"हितं खराब हाय बगा. दुकानदार म्हणला, मुळातच आसंय."

काशाप्पानं हात पुढं करून ते पेन ड्राइव्हच उपसून काढलं. ती जागा त्याला म्हाईत होती. त्या तिसऱ्या ओवीलाच त्याला ठसका लागला होता.

गोष्ट दोन वर्सांखालची. बीदरच्या भुसार व्यापाऱ्याचा मुलगा अमरनाथ हैदराबादला आवाज भरायचं काम शिकला होता. त्याला ओवीचं वेड. तो बिरोबाच्या देवळात यंत्रं घेऊन आला आणि म्हणाला, सगळे अर्धगोल करून माझ्याकडं तोंड करून बसा. त्यावर माउली हसला. "आसं कुठं आसतंय व्हय, सावकार? मी देवाकडं तोंड करून गाणार. देवाकडं पाठ केलेला गाणारा आमच्यात झाला न्हाई. आन् झील माझ्या पाठीमागं. झील म्होरं येत न्हाई." शेवटी अमरनाथनंच यंत्रं हलवली. दोन म्होरं ठेवली, दोन पाठीमागं.

आणि नेमका तिसऱ्या ओवीत काशाप्पाला ठसका लागला. तो तोंडात टावेल कोंबून खांबाआड गेला, वाकून खोकत राहिला. परत आला तेव्हा माउली पुढची ओळ गात होता. कुणी काही बोललं नाही. पण एक झील पडली, माउलीचा शब्द झेलायचा राहिला, ही गोष्ट काशाप्पाच्या उरात सलत राहिली. म्हणूनच माउली "चल, अमरनाथच्या गाडीत ऐकून येऊ" म्हणाला तेव्हा ह्यानं "तू जाऊन ये, मला काम हाय" म्हणून टाळलं. माउली एकटाच जाऊन ऐकून आला, येताना अमरनाथनं दिलेली डिस्क घेऊन आला. आल्यावर एक अक्षर बोलला नाही. आणि ह्या श्रावणात गेला.

आता काशाप्पाला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला, असं वाटलं. एक झील पडली म्हणून माउलीनं त्याला मुळासकट काढून टाकलं होतं.

गावात आल्यावर घाव आणखी खोल गेला. पारावर कल्लप्पा भेटला. म्हणाला, "ह्या जत्रेला माउलीचं पेन ड्राइव्ह लावायचं ठरलंय. पालखीम्होरं योग्याची गाडी हुबी करायची, दारं उघडून."

"आन् झील?"

"त्यात कुठाय झील? पोरं म्हणत्यात, माउलीकाका एकटेच किती मोकळं गायल्यात."

काशाप्पा पिशवी घरात न टाकता तसाच तानुबाईच्या दारात गेला. माउलीची बायको जात्यापाशी डाळ भरडत होती.

"वैनी, एकच इचारतो. त्यानं मला कामून काढलं?"

"कुणी? कशातून?" तानुबाईचा हात थांबला.

"ओवीतून. माझा आवाज पुसून टाकलाय. एक डाव ठसका लागला, त्याची एवढी शिक्षा? सांगितलं आसतं तर मी सोताहून बाजूला झालो आसतो."

तानुबाई उठली. "भावजी, काय बोलायलाव तुम्ही? आवाज भरला त्या दिसापास्नं ते दर आइतवारी अनवाणी देवाला जायलते. नारळ फोडायचे, नाक घासायचे. कामून म्हणून इचारलं तर म्हणायचे, माझं आन् देवाचं हाय. तुमचं नाव वंगाळ शब्दात कधी घेतलं न्हाई त्या माणसानं."

"मग डिस्क काढा."

ती देव्हाऱ्यात होती. फडक्यात बांधलेली, आणि तिच्यावर भंडारा, कुंकू, वर एक वाळलेलं झेंडूचं फूल. योगीराज ती दुकानात घेऊन गेला होता तेवढा काळ सोडला तर तानुबाईनं तिची रोज पूजा केली होती. आवाज आत हाय म्हणल्यावर उघडी कशी ठेवायची?

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी, निरोप मिळाल्यावरून, अमरनाथ आला. पांढरी मोठी गाडी देवळासमोर लिंबाखाली थांबली. काशाप्पा, तानुबाई, कल्लप्पा, योगीराज सगळे तिथं उभेच होते. काशाप्पानं रामराम घातला नाही. फडकं त्याच्या हातात दिलं.

"काका, हे काय केलंय?" अमरनाथनं डिस्क उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. "हळदीनं माखलीय सगळी!"

"पूजा केली माय," तानुबाई म्हणाली. "चुकलं का?"

बाटलीतल्या पाण्यानं अमरनाथनं डिस्क धुतली, मऊ कापडानं मधून कडेकडं पुसली. मग योगीराजकडं वळला. "आणि तू ह्याचं पेन ड्राइव्ह केलंस?"

"केलं की. तुमची डिस्क तुमच्याच गाडीत चालती. गावानं काय तुमच्या गाडीमागं पळायचं?"

"अरे, ह्यात म्होरचे आवाज वेगळे, माघचे वेगळे भरलेत, आणि माझ्या गाडीत ते तसेच म्होरून-माघून निघतात. त्या दुकानदारानं म्होरचे दोन घेतले आणि माघचे सोडून दिले. अर्धी भाकरी ठेवून अर्धी फेकली म्हण."

"मग अप्पांचा आवाज...?" योगीराजनं विचारलं.

"काका, तुम्ही म्होरं बसा. काकी, तुम्ही माघं," अमरनाथ म्हणाला.

काशाप्पा बसला. दारं लागली, काचा वर गेल्या. बाहेरचा जत्रेच्या तयारीचा गलका कापल्यागत थांबला. ढोल आला, पण तो टेपातून आल्यागत नव्हता. देवळाच्या फरशीवरून आल्यागत होता, कल्लप्पा नेमका डाव्या हाताला उभा. समोर, काचेच्या पल्याड, माउली.

"काठी राहिली उंबऱ्यालाऽऽ"

आणि मानेच्या मागून, अगदी कानाजवळून, "उंबऱ्याला गाऽऽऽ".

काशाप्पानं गर्रकन मान वळवली. मागं तानुबाई बसली होती, पदर तोंडावर धरून. बाकी कुणी नव्हतं. पण आवाज तिथंच होता. त्याचा सोताचा आवाज, त्याच्याच पाठीमागं उभा. सारी हयात तो दुसऱ्याच्या पाठीमागं उभा राहिला होता. आपल्या पाठीमागं कुणी उभं राहिलं की कसं वाटतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. माउलीला रोज असं वाटत असणार.

"न्हाई पुसलं," तो पुटपुटला. "न्हाई पुसलं त्यानं."

दुसरी ओवी झाली. तिसरी लागली. काशाप्पानं मांडीवरचं धोतर मुठीत धरलं. आता ठसका येणार. आला. मागून दबलेला खोकला, लांब जाणारी पावलं. आणि आता ती पडलेली झील.

झील पडली नाही.

समोरचा माउली विझला, पेन ड्राइव्हमध्ये विझायचा तसाच. आणि त्याच क्षणी माउलीचा आवाज मागून आला. खणखणीत, जवळून, झेललेला शब्द लांबवत. जिथं काशाप्पा असायचा तिथून.

काशाप्पाला आधी कळलंच नाही. तो समोर बघत होता आणि माउली मागं गात होता. मग कळलं.

"तो वळला," तो म्हणाला. "वैनी, तो वळला. देवाकडं पाठ केली त्यानं."

तानुबाईनं पदर खाली घेतला. "म्हणून आइतवार," ती म्हणाली. "म्हणून अनवाणी. आगं माय."

काशाप्पानं दार ढकललं आणि बाहेर उभ्या कल्लप्पाचा सदरा धरला. "तू ढोल वाजवायलता. तुला दिसलं आसंल. दोन वर्सं तोंड शिवून बसलास?"

"भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली त्यानं आमाला," कल्लप्पा खाली बघत म्हणाला. "म्हणला, काशाला कळलं तर तो पुन्यांदा झीलीला हुबा राहणार न्हाई. माझ्यापायी तू देवाला पाठ दावलीस म्हणंल, आन् बसंल घरी. मग मी कुणाच्या जिवावर गाऊ?"

काशाप्पानं सदरा सोडला. तो लिंबाच्या बुडाशी बसला. डोक्यावरचा रुमाल काढून त्यानं हातात घेतला.

अमरनाथ हळूच जवळ आला. "काका, मी आज हैदराबादला जाऊन चारी आवाज एकत्र करतो. पेन ड्राइव्हवर घालून देतो. मग कुठल्याबी गाडीत, मोबाईलवर तुम्ही दोघं ऐकू याल. जरा चव जाईल, पण सगळं येईल."

"दोघं एका ठिकाणाहून?"

"व्हय. म्होरूनच."

"मग नगं. झील म्होरं येत न्हाई." थोडं थांबून त्यानं विचारलं, "आन् त्याचं ते वळणं? गावाला ऐकू जाईल?"

"जाईल."

"मग तर अजिबात नगं. त्यानं भंडारा उचलायला लावलाय. ती डिस्क वैनीकडं राहू दे. पुसायचं कापड तेवढं देऊन जा."

दुसऱ्या दिवशी पालखी देवळातून निघाली. योगीराजची इंडिका पालखीम्होरं, तोंड देवाकडं, चारी दारं उघडी. पेन ड्राइव्ह लागलं. पोरांनी हातातले मोबाईल वर धरले. माउली गायला लागला. पहिली ओळ संपली, आणि नेहमीची मोकळी जागा आली.

गाडीच्या डिकीमागून झील उठली.

लोकांनी वळून बघितलं. काशाप्पा तिथं उभा होता, रुमाल घट्ट बांधून, गाडीच्या पाठीशी. कानावर हात, डोळे मिटलेले. आवाज म्हातारा होता, पण चार शेतं पल्याड जाईल असाच होता. कल्लप्पानं घरातून ढोल आणायला माणूस पिटाळला. योगीराज चाकावर हात ठेवून आरशातून बापाकडं बघत राहिला. त्या मोकळ्या जागा कुणासाठी होत्या, ते त्याला आता दिसलं.

तिसरी ओवी लागली. माउलीचा आवाज विझायची जागा आली. काशाप्पानं श्वास घेतला, आणि तोंड मिटून घेतलं. झील नाही, शब्द नाही. नुसता ढोल.

"म्हातारा इसरला," कुणीतरी म्हणालं. "वय झालं आता."

"ठसका लागला आसंल," दुसरं म्हणालं.

पालखीजवळ उभ्या तानुबाईनं मान वर केली. काशाप्पा किंचित वाकून, हात कानावरून न काढता उभा होता. आपल्या अगदी पाठीमागं कुणी गात असलं की माणूस जसा मान न वळवता ऐकतो, तसा. मग वात वर आली, माउलीनं पुढची ओळ उचलली, आणि काशाप्पानं ती झेलली.