परिच्छेद दोनशे चौदा

"काकू, ऐकताय ना? सरांचं नाव आहे यात! निकालपत्रात!" ऋजुता फोनवर जवळजवळ ओरडत होती.

"ऐकतेय," हेमाताई म्हणाल्या आणि त्यांनी दुधाखालचा गॅस बंद केला.

हेमाताईंचे यजमान बाळ केळशीकर यांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. ठाण्याच्या लॉ कॉलेजात एकतीस वर्षं त्यांनी करार कायदा शिकवला. खरा विषय आंतरराष्ट्रीय कायदा, पण तो घ्यायला विद्यार्थी नसायचे. त्र्याण्णव साली वर्तकनगरच्या दोन खोल्यांत त्यांनी एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं: देशांनी समुद्रावर रेघा ओढल्या त्याच्या आधीपासून जे तिथे मासे धरत आले, त्यांचा हक्क कुठल्या सरकारने दिलेला नाही. म्हणून कुठल्या सरकारला तो तहात सोडूनही देता येत नाही. चार नियतकालिकांनी लेख परत पाठवला, पाचव्याने छापला. स्टाफरूममध्ये तो कुणी वाचला नाही.

आता दूरच्या दोन बेटदेशांच्या मासेमारीवरच्या भांडणात आंतरराष्ट्रीय लवादाने निकालात तोच विचार उचलला होता. परिच्छेद दोनशे चौदा.

"आता जगात कुठेही हा प्रश्न आला ना काकू, तर सरांपासूनच सुरुवात करावी लागणार," ऋजुता म्हणाली. ती सरांची विद्यार्थिनी, आता डोंबिवलीत वकिली करत होती.

"पूर्ण नाव छापलंय?"

"नाही. बी. केळशीकर."

"बरं."

फोन ठेवून हेमाताईंनी दूध झाकलं. आता रडू येईल असं त्यांना वाटलं. आलं नाही. मग साडी बदलून त्या रिक्षाने बाळकुमला गेल्या. लेखाच्या शेवटी आभार एकाच माणसाचे होते, खाडीवरच्या दामाजी कोळ्याचे.

दामाजी ओट्यावर बसले होते. घरामागे टॉवर उभे होते, खाडीत जाळं टाकायला आता बंदी होती.

"हे तुम्हाला नेहमी विचारायला यायचे ना, त्याचा निकाल लागला," हेमाताई म्हणाल्या. "कोळ्यांच्या बाजूने."

"मंग आता आमाला खारीन जाल टाकाया देतील?"

"नाही. हे बाहेरच्या देशातलं आहे."

"तिकरं पन कोली हान?"

"आहेत."

"त्यांचं तरी जालं," दामाजी म्हणाले. "सर बोललं व्हतं, टाइम लागंल."

त्यांची बायको सगुणा दारात आली. "वैनी, जेवल्याव का?"

हेमाताईंना आठवेना. सगुणाने त्यांना आत नेऊन बसवलं, पानात भात वाढला, वर साधं वरण.

"मच्छी नाय वारत तुमाला, तुमी खात नाय. सर सांगायचं. बोलायचं, मी हितं मच्छी जेवून जातो, कपऱ्याला वास येतो, तिला समदं कलतं, पन ती कवा बोलत नाय."

हेमाताईंनी भात कालवला, पहिला घास तोंडात घातला. वरणात मीठ थोडं जास्त होतं. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा त्यांना चव कळली.

"अजून वारू?" सगुणाने विचारलं.

त्यांनी पान पुढे केलं.