साबणाच्या फळीमागची तिकिटं

माझी बायको गेल्याचं गल्लीत कळलं, त्या दिवशी सगळ्यात जास्त रडला तो कोपऱ्यावरचा शिंपी. मला बरं वाटलं. मग डोळे पुसून तो माझ्या कानाशी आला. "भाऊ, ही वेळ नाही, कळतंय मला. पण वहिनींनी माझं तिकीट बाजूला काढून ठेवलं होतं का?"

मला राग यायला हवा होता. हसू आलं. ती असती तर तिलाही आलं असतं.

आमचं दुकान किराणा मालाचं. लॉटरीची तिकिटं ठेवायची कल्पना तिची. मी नको म्हणत होतो, कारण तिकिटामागे सुटणाऱ्या कमिशनात धड चहाही येत नाही. ती म्हणाली, तुम्ही पोती उचला, डोकं मी चालवते. तिकिटांचा स्टँड तिने पार आत, साबणाच्या फळीमागे ठेवला. तिथे दिवसाही बल्ब लावावा लागतो. विकायची वस्तू कुणी लपवतं का, यावरून आमचं कायम वाजायचं.

ती गेल्यावर दुकान उघडलं आणि पहिलं काम केलं ते हे. स्टँड उचलला आणि दारात, रस्त्याला तोंड करून ठेवला. गिऱ्हाइकाची सोय.

गिऱ्हाईकच येईना. शिंपी दारावरून जाताना मान खाली घालायचा. शाळेतले मास्तर तर पलीकडच्या फुटपाथने जायला लागले. तिकिटं पडून राहिली आणि बाकीच्या मालावरही धूळ बसली. मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला, बाबा, शेजारचा चष्मेवाला जागा मागतोय, देऊन टाका आणि माझ्याकडे राहायला या. मी बघू म्हणालो, त्याने ते हो धरलं. दुकान गेलं असतं तर सकाळी उठून कुठे जायचं, हेच मला माहीत नव्हतं. आणि तिच्याशी मनातल्या मनात भांडायला तेवढी एकच जागा उरली होती.

मग एक दिवस शिंप्याची बायको आली.

"भावोजी, तुमच्याकडे साबण मिळेनासा झालाय का? आमचे हे सारखे साबण आणायचे. मला वाटायचं, माणूस स्वच्छतेचा आहे. आता वडी संपली तरी आणत नाहीत." मग तिची नजर स्टँडवर गेली. "आणि हे असलं कोण घेतं हो?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दारात उभं राहून तिकीट घेतलं की शिंप्याला बायको बघणार, मास्तरांना पोरं. आत गेलं की माणूस साबण घ्यायला गेलेला असतो. रिकाम्या हाताने बाहेर येता येत नाही, म्हणून साबण घ्यावाच लागतो आणि तिकीट पिशवीत त्याच्याखाली जातं. कमाई तिकिटाची नव्हतीच. तिकीट झाकायला जे जे लागायचं, त्याची होती.

मी म्हणालो, "साबण संपलाय वहिनी, उद्या येतोय. आणि ही तिकिटं कुणीच घेत नाही, म्हणून दारातून काढतोय."

माझ्या पाठीमागे फळी छतापर्यंत साबणाने भरलेली होती. तिने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो कपड्यांचा," मी म्हणालो.

स्टँड पुन्हा आत गेला. दुसऱ्या दिवशी शिंपी बराच वेळ आत रमला आणि दोन वड्या घेऊन बाहेर आला. मास्तरांनी उंदराचा पिंजरा घेतला. उंदीर झालेत का, मी विचारलं. "होतील," ते म्हणाले.

हे सगळं तिने मला का सांगितलं नाही, तेही कळलं. माझ्या पोटात काही राहत नाही. मी शिंप्याला हसून डोळा मारला असता आणि धंदा बसला असता. आता सांगायला घरात कुणी नाही, म्हणून राहतं.

दुकान बरं चाललंय. चष्मेवाल्याला मीच नाही म्हणून सांगितलं. मुलाला मात्र अजून वाटतंय की मी सामान आवरतोय. त्याला फोन करून येत नाही म्हणायचं राहिलंय.